लायनिंग न काढता टाकीच्या तळाची जाडी: यूटीचा आकडा प्लेटपेक्षा जास्त कसा?

तळमापक:
डिझेलची उभी टाकी. तळाच्या प्लेटा मूळ ८ मिमी, वर सुमारे १००० मायक्रॉनचं (१ मिमी) ग्लासफ्लेक इपॉक्सी लायनिंग, म्हणजे काचेच्या पापुद्र्यांचं संरक्षक अस्तर. टाकी रिकामी, साफ आणि गॅस-फ्री आहे. यूटी गेजवर (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) तळाची रीडिंग १०.१ ते १०.६ मिमी येताहेत. लायनिंग न खरवडता खरी जाडी मिळेल का? आणि लायनिंगची स्पार्क टेस्ट (भोक असेल तिथे ठिणगी पाडून शोधणारी चाचणी) किती व्होल्टला करायची? कंत्राटदार १० केव्ही म्हणतोय.

दुसरा_इको:
गेज बिघडलेलं नाही. ते वेळ मोजतं आणि त्याला वेग दिलाय फक्त स्टीलचा, सेकंदाला सुमारे ५९२० मीटर. इपॉक्सीत ध्वनी साधारण २५०० ने जातो, नेमका आकडा रेझिनवर ठरतो. म्हणून १ मिमी लायनिंग गेजला जवळजवळ २.४ मिमी स्टील वाटतं. १०.४ मधून २.४ गेले, उरले ८.

खरी अडचण पुढे आहे. लायनिंग २०० मायक्रॉन कमीजास्त झालं की पडद्यावरचा आकडा अर्धा मिमी हलतो. तुमच्या रीडिंगमधला फरकही नेमका तेवढाच आहे, म्हणजे या आकड्यांवरून गंजाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

गेज इको-टू-इको मोडवर घ्या. स्टीलच्या तळाकडून आलेल्या लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधलं अंतर त्यात मोजलं जातं, लायनिंग हिशोबातून आपोआप गळतं. कॅलिब्रेशन स्टेप-वेजवर (ठरावीक जाडीच्या पायऱ्यांचा स्टीलचा ठोकळा) करा आणि एका पायरीवर १ मिमी लायनिंगचा नमुना चिकटवून आकडा बदलत नाही ना, ते बघा. ए-स्कॅन, म्हणजे प्रतिध्वनींचा आलेख दिसणारं गेजच वापरा. नुसता आकडा दाखवणाऱ्या गेजवर तळाचा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुंबकवाला:
वरचं सगळं बरोबर, पण यूटी म्हणजे शेवटी एका बिंदूचं माप. मातीकडून गंजणारी प्लेट खड्ड्याखड्ड्यांनी जाते; दोन बिंदूंच्या मध्ये भोक पडायला आलं तरी कळणार नाही. आधी एमएफएल स्कॅन (प्लेट चुंबकित करून खड्ड्याजवळ गळणारं चुंबकीय क्षेत्र शोधणारं यंत्र), मग त्यात सापडलेल्या जागांवर यूटी.

८ मिमी प्लेट आणि १ मिमी लायनिंग हे एमएफएलला जड नाही. मात्र संदर्भ प्लेट ८ मिमीचीच हवी, तिच्यात २०, ४०, ६० टक्के खोलीचे खड्डे हवेत आणि वर १ मिमीची प्लास्टिक शीट ठेवूनच थ्रेशोल्ड (खड्डा धरायची सिग्नलची मर्यादा) लावायचा. उघड्या प्लेटवर लावलेला थ्रेशोल्ड लायनिंगवर खड्डे चुकवतो, कारण सेन्सर उचलला गेला की सिग्नल पडतो.

एमएफएल आकारमानाला जास्त प्रतिसाद देतं, त्यामुळे अरुंद खोल खड्डा आणि पसरट उथळ खड्डा सारखे दिसू शकतात. सगळीकडे सारखी झिजलेली प्लेट तर त्याला चांगलीच वाटते. लॅप वेल्डच्या (एकावर एक प्लेट ठेवून केलेल्या जोडाच्या) कडा आणि शेलजवळची, म्हणजे उभ्या भिंतीजवळची पट्टी यंत्राखाली येत नाही, तिथे हाताने यूटी. शेलपासून ७५ मिमीच्या आतल्या भागाला एपीआय ६५३ चे (टाक्यांच्या तपासणीचं मानक) निकषच वेगळे आहेत.

उरलेल्या तळाला, पुढच्या आतल्या तपासणीपर्यंत जाडी २.५ मिमीच्या खाली जाता कामा नये. गळती ओळखून अडवण्याची सोय असेल, किंवा सुमारे १.२५ मिमीहून जाड प्रबलित लायनिंग असेल, तर १.२५ चालते. तुमचं १००० मायक्रॉनचं यात बसत नाही, त्यामुळे २.५ धरूनच चला.

ठिणगी:
१० केव्ही अजिबात नको. एवढ्या जाडीला सूत्र सोपं: जाडीचं मायक्रॉनमधलं वर्गमूळ गुणिले १०४. १००० ला सुमारे ३३०० व्होल्ट येतात. १० केव्ही त्याच्या जवळजवळ तिप्पट झाले. पातळ जागी किंवा आत बुडबुडा असेल तिथे चांगल्या लायनिंगला भोक पडेल आणि ते ‘पिनहोल’ म्हणून अहवालात येईल!

आधी डीएफटी (वाळलेल्या लायनिंगची जाडी) घ्या, व्होल्टेज त्यावरून ठरवा. अर्थ क्लॅम्प उघड्या धातूवर लावा, रंगावर नाही. ब्रश सेकंदाला ३० सेंमीपेक्षा जोरात फिरवू नका. ओल किंवा क्षार असेल तर खोट्या ठिणग्या पडतात. ५०० मायक्रॉनपर्यंतच्या लायनिंगला ठिणगीऐवजी ६७.५ व्होल्टच्या ओल्या स्पंजची चाचणीच. हे निकष मुळात नव्या लायनिंगसाठी आहेत. वापरातल्याने पाणी शोषलेलं असतं, तेव्हा उत्पादकाशी बोलून, पूर्ण वाळवूनच हात लावा. आणि ही ठिणगी आहे, हॉट वर्क परमिट आणि सतत गॅस मापन हवंच.

तळमापक:
आभार. इको-टू-इकोवर एका प्लेटच्या दहा-बारा ठिकाणी आकडाच येत नाही. त्या जागा सोडून द्यायच्या का?

दुसरा_इको:
सोडायच्या तर नाहीतच, आधी त्याच बघायच्या. ए-स्कॅनवर लायनिंगच्या आतलेच दाट, सारख्या अंतराचे प्रतिध्वनी दिसत असतील आणि प्लेटचं काही येत नसेल, तर लायनिंग सुटलंय. हलक्या हातोडीने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. प्लेटचा पहिला प्रतिध्वनी अशक्त, लवकर आलेला आणि दुसरा गायब असेल, तर खाली खड्डे आहेत. खडबडीत पृष्ठभागावरून लहर विखुरते. तिथे १०० गुणिले १०० मिमीचं लायनिंग काढा, उघड्या स्टीलवर ड्युअल प्रोब (लहर सोडणारा आणि घेणारा भाग वेगळा असलेला) लावून ५ मिमीच्या जाळीवर मोजा आणि सर्वांत कमी आकडा नोंदवा. सरासरी काढू नका. मग त्या जागेच्या कडा उतरत्या घासून नव्या लायनिंगचा पॅच लावा. स्पार्क टेस्ट पॅच पूर्ण क्युअर झाल्यावर (पक्का कडक झाल्यावर), फक्त तेवढ्याच भागाची.