सायबर हल्ल्याचा चौकशी अहवाल लोकांसमोर यावा की नाही?

मुळाकाठी (धागाकर्ती)

माझी मागणी आधीच मांडते. सरकारी कार्यालय, सार्वजनिक रुग्णालय, वीज कंपनी किंवा ठेवीदारांच्या पैशावर चालणारी बँक, यांपैकी कुणावरही मोठा सायबर हल्ला झाला तर त्याची स्वतंत्र चौकशी व्हावी आणि अहवाल वर्षभरात लोकांसमोर यावा.

पुण्याचंच बघा. 11 ऑगस्ट 2018 च्या शनिवारी कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा, म्हणजे स्विच, उभा केला. नक्कल करून बनवलेलं (क्लोन) कार्ड कुठेही घातलं की हा स्विच मंजुरी देत राहिला. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये निघाले. सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे परदेशी बँकांना पैसे पाठवायच्या संदेश यंत्रणेतून, आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. भारतातल्या एटीएममधून काढलेले धरून एकूण 94 कोटी. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली, पण ही पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसं. हल्लेखोर बँकेत शिरले कुठून, किती दिवस आत होते, कुठली सूचना कुणी दुर्लक्षिली, हे सांगणारा अहवाल ना सरकारने लोकांपुढे ठेवला ना रिझर्व्ह बँकेने.

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च 2021 मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार वीज मंडळाच्या यंत्रणेत 14 ट्रोजन हॉर्स (साध्या प्रोग्रॅमच्या वेशातली घातक सॉफ्टवेअर) घुसवले गेले असावेत आणि परदेशी सर्व्हरवरून 8 जीबी डेटा आला असावा. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, हल्ला वगैरे नाही, मानवी चूक. एकाच घटनेची दोन सरकारांनी दोन कारणं दिली, आणि खरं कोणतं हे ताडून बघण्याचं कुठलंही साधन नागरिकाच्या हातात नाही. त्यात नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने सर्ट-इन ही सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सरकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेतून बाहेर काढली. म्हणजे विचारायची वाटही अरुंद झाली. यावर राग यायला हवा असं मला वाटतं.

कोअर बँकिंगवाला

ताई, तुमचा राग समजतो, पण मागणी मान्य नाही. मी एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात काम करतो. आमच्याकडे चार माणसं आहेत. असा अहवाल छापून आला की दुसऱ्या दिवशी शाखेसमोर रांग लागेल. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतल्या ठेवीदारांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. आता ठेवींचा विमा 5 लाखांपर्यंत आहे हे खरं, पण घाबरलेला माणूस विम्याचा नियम वाचत बसत नाही. हल्ल्यातून सावरू शकणारी बँक अहवालाने बुडेल.

शिवाय अहवाल लोकांपुढे न येताही सुधारणा झाल्याच ना? कॉसमॉसनंतर दोन महिन्यांत, ऑक्टोबर 2018 मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट काढली. डिसेंबर 2019 मध्ये बँकांचे चार स्तर करून जास्त कडक नियम आले. घटना घडली की रिझर्व्ह बँकेला लगेच कळवायचं असतं. ज्यांना कळायला हवं त्यांना कळतं.

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. 'ज्यांना कळायला हवं' त्यांत आम्ही येत नाही का?

23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, बंद पडले. ओपीडी, दाखल रुग्ण, प्रयोगशाळा, सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं की नेटवर्कचे भाग नीट विलग केलेले नव्हते. एवढंच. हे वाक्य तंत्रज्ञांच्या कामाचं. मला हवी आहे ती माहिती वेगळी: रक्तपेढीने जुळणी कशी केली? एकाच नावाच्या दोन रुग्णांचे रिपोर्ट अदलाबदल होऊ नयेत म्हणून काय केलं? अतिदक्षता विभागात औषधांची नोंद कोणत्या नमुन्यात ठेवली, आणि सर्व्हर सुरू झाल्यावर ते कागद परत कुणी भरले? देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयाने हे दिवस काढले, त्यातलं शहाणपण आमच्या जिल्ह्यापर्यंत पोहोचलंच नाही. यातली कुठली गोष्ट हल्लेखोराच्या उपयोगाची आहे, ते कुणीतरी समजावून सांगा.

निवृत्त सिग्नलमन

परिचारिका ताईंचे प्रश्न रास्त आहेत आणि ते भाग जाहीर करायला माझी हरकत नाही. माझी हरकत वीज, अणुऊर्जा, रेल्वे, बंदरं यांच्या बाबतीत आहे.

घुसखोरी करणाऱ्याला सगळ्यात जास्त काय हवं असतं? आपलं काय सापडलं आणि काय नाही सापडलं, याची खबर. अहवालात तुम्ही लिहिलंत की अमुक तीन ठिकाणी मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) मिळालं, की चौथं ठिकाण शाबूत आहे हे त्याला समजलं. मुंबईच्या बाबतीत दोन मंत्री दोन गोष्टी बोलले हे वाईटच, पण त्यावरचा उपाय एकाच अधिकृत प्रवक्त्याने बोलणं हा आहे. सगळं कागदावर मांडणं हा नाही. महत्त्वाच्या यंत्रणांसाठी 2014 पासून एनसीआयआयपीसी ही केंद्राची वेगळी संस्था आहे. तिने त्या त्या क्षेत्रातल्या लोकांना बंद दाराआड सांगावं.

मुळाकाठी

साहेब, बंद दाराआडचा अनुभवही आपल्याकडे आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात मालवेअर शिरल्याची बातमी आली. 29 तारखेला प्रकल्पाच्या अधिकाऱ्याने ती साफ खोटी ठरवली. 30 तारखेला अणुऊर्जा महामंडळानेच मान्य केलं की प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवरच्या संगणकात मालवेअर सापडलं आणि सर्ट-इनने 4 सप्टेंबरलाच कळवलं होतं. अणुभट्टीचं नियंत्रण त्या नेटवर्कपासून वेगळं होतं, ही मोठी दिलासा देणारी गोष्ट. पण एक दिवस आधीच्या नकारामुळे त्या दिलाशावर विश्वास ठेवणं जड गेलं. त्या एका दिवसात शत्रूपासून काय लपलं? त्याला तर सगळं माहीतच होतं.

आणि अहवाल जाहीर करून देश बुडत नाही, हे आयर्लंडने दाखवलंय. मे 2021 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेला अहवाल लोकांसमोर ठेवला, काही भाग झाकून. त्यात स्पष्ट लिहिलंय: 18 मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली, त्यानंतर जवळपास आठ आठवडे हल्लेखोर आत होते, मधे धोक्याच्या खुणा दिसल्या पण त्यावरून चौकशी झाली नाही, आणि सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेला एकही वरिष्ठ अधिकारी नव्हता. शेवटचा मुद्दा वाचून आपल्याकडचं कुठलंही खातं विचारू शकतं, आमच्याकडे असा माणूस आहे का?

कोअर बँकिंगवाला

आयर्लंडची आरोग्यसेवा सरकारी आहे. तिथून रुग्ण आपली ठेव काढून शेजारच्या दुकानात नेऊ शकत नाही. आमच्याकडे ठेवीदार नेऊ शकतो. हा फरक तुम्ही बाजूला सारताय.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं, लॉग (यंत्रणेत काय घडलं त्याच्या नोंदी) 180 दिवस जपायचे. कळवल्यावर वर्षभराने आपलंच नाव पेपरात येणार असेल, तर संचालक मंडळ पहिल्यांदा विचारेल, 'ही घटना मोठी म्हणायची का?' आज निदान घाबरत का होईना कळवलं जातं. उद्या तेही थांबेल.

वर्धेकर

पण डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेच आहेत. ज्यांची माहिती फुटली त्यांना कळवणं बंधनकारक होणार आहे, अठरा महिन्यांची मुदत संपली की. तेव्हा नाव बाहेर येणारच आहे दादा. मग कारणही येऊ द्या. 'तुमची माहिती गेली' एवढंच कळून ग्राहक करणार काय?

निवृत्त सिग्नलमन

बँका आणि रुग्णालयांबद्दल मी ताईंच्या बाजूने झुकतो आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं, कंटेनर अडकले. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी जगासमोर सांगितलं की 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या मोकळेपणाने कंपनीचं नुकसान झालं असं मला वाटत नाही, उलट इतर सावध झाले.

वीज वितरणाबद्दल मात्र ठाम आहे. कार्यालयातला संगणक आठवड्यात दुरुस्त होतो. सबस्टेशनमधलं उपकरण पंधरा-वीस वर्षं तिथेच असतं, त्याचं सॉफ्टवेअर बदलायला वीज बंद ठेवावी लागते. वर्षभरात अहवाल आला तर उणीव जागेवर असतानाच तिचं वर्णन छापून येईल.

मुळाकाठी

हा मुद्दा वजनदार आहे. वीज आणि अणुऊर्जेसाठी तांत्रिक भाग उपकरण बदलेपर्यंत झाकून ठेवा, चालेल. पण तीन गोष्टी तिथेही वर्षभरात बाहेर याव्यात: हल्ला झाला होता की नव्हता, धोक्याची सूचना आधी कधी आली होती, आणि ती आल्यावर कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने काय केलं. संरक्षण खात्यावरचे कॅगचे अहवालसुद्धा संसदेत मांडले जातात, मग हे विधिमंडळात मांडायला काय अडचण आहे?

बँकेसाठी वेगळं सांगते. अहवाल रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध करावा, बँक सावरल्याचं प्रमाणपत्र त्याच दिवशी सोबत जोडून. रांगेची भीती खरी आहे, तिच्यावर इलाज करू. पण ठेवीदाराला अंधारात ठेवणं हा इलाज मला मान्य नाही.

कोअर बँकिंगवाला

आणि काय झाकायचं हे ठरवणार कोण? ज्या खात्याची चूक, तेच जर काळी पट्टी ओढणार असेल तर तुमच्या हाती कोरी पानं येतील. माझा विरोध कायम आहे, पण निदान याचं उत्तर मागणीत लिहा.

मुळाकाठी

लिहिते. खातं नाही आणि सर्ट-इनही नाही. निवृत्त न्यायाधीश, एक तंत्रज्ञ आणि विरोधी पक्षाचा एक सदस्य. झाकलेल्या प्रत्येक भागाचं कारण आणि तो किती काळ झाकला राहील ते समासात लिहायचं. पुढच्या अधिवेशनाआधी आमच्या आमदारांना हे पत्राने पाठवते आहे. मसुदा इथेच टाकीन, बँकेच्या परिच्छेदावर तुमचे आक्षेप जसेच्या तसे जोडून.