मन आवरत नाही असं सांगणारी गाणी, अभंग सुचवा

पेटीवाला, कुडाळ:
गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पावसाळ्यापासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. झोप आता बरी लागते, पण आत्मविश्वास पार गेलाय. हात भात्यावर असतो, रूपावली (देवाच्या रूपाचा अभंग) सुरू व्हायची असते आणि वाटतं, समोर बसलेले सगळे माझी चूक धरायलाच आलेत. मग वर्षानुवर्षं वाजवलेल्या जागाही सटकतात.

मित्र हुरूप देणारी गाणी पाठवतात. ऐकवत नाहीत. दर गुरुवारी 'मन करा रे प्रसन्न' वाजवताना तर आतून तुटायला होतं. सगळ्यांना जमतं, मलाच का नाही? उपदेश नको. गाणाऱ्याचंही मन असंच बिथरलंय हे सरळ सांगणारं काही हवंय. मंडळात म्हणता आलं तर फारच उत्तम.

वेंगुर्लेकर:
त्याच तुकोबांचा 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग' घ्या. बाहेर जग आणि आत मन, दोन्हीकडून लढाई, आणि आघात रोजचे. शेवटी नामाच्या बळावर मात केली म्हणतात, पण रोजची लढाई लपवत नाहीत. तुकोबांना रोज लढावं लागलं, तर तुम्ही कमी पडलात असं कोण म्हणेल?

देवगडची ताई:
माझ्या भावाने हे भोगलंय. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. रात्री फारच अंगावर आलं तर १४४१६ लावा. टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास.

गाण्यांत 'ये रे घना' ऐका. आरती प्रभू आपल्याच सिंधुदुर्गातले. वरवर पावसाचं गाणं, पण आतलं भ्यालेपण आशाताईंच्या आवाजात लख्ख कळतं.

पखवाजी:
बुवानू, करुणाष्टकं विसरलात? 'अचपळ मन माझे नावरे आवरीता'. मनाच्या श्लोकांत मनाला शिकवणारे समर्थ इथे रामापुढे हात टेकतात. लहानपणी दिवेलागणीला नुसतं घोकलं, अर्थ आत्ता भिडतो. मात्र ते मालिनी वृत्तात आहे, ओढून भजनी ठेक्यात बसवू नका. पखवाज बाजूला ठेवतो मी. तुम्ही फक्त सूर धरून ठेवा, आम्ही म्हणतो.