लेक वयात येतेय, आनंद आणि हुरहुर एकदमच

अर्धविराम:
मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. डाव्या छातीत बटणाएवढी गाठ लागते आणि ती दुखते, असं म्हणते. कपडे बदलताना दार लावून घेते. चारचौघांत हात धरलेला तिला आता नको असतो. ती स्वतःचं मत ठासून मांडते तेव्हा ऊर भरून येतो, आणि त्याच क्षणी काहीतरी सुटत चाललंय असंही वाटतं. मी बाबा आहे. पाळीची तयारी कधी आणि कशी करायची? त्यात मी बोलावं का? आणि माझी ही घालमेल तिच्यावर न लादता जवळीक कशी टिकवायची?

निशिगंध:
आधी गाठीबद्दल. बहुतेक मुलींमध्ये वयात येण्याची ही पहिली खूण असते आणि ती ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही दिसते. एका बाजूला आधी येणं, काही महिने दोन्हीकडे फरक राहणं, धक्का लागला की दुखणं, हे सगळं नेहमीचंच. सारखं दाबून बघू नका, त्याने दुखणं वाढतं. सैल, मऊ सुती बनियन पुरतं. पुढे तिला हवी तेव्हा बिनतारेची ब्रा घ्या. गाठीवर लाली, ताप किंवा स्राव असेल तर मात्र दाखवा. आठाच्या आत खुणा दिसल्या किंवा तेरा पूर्ण होऊनही काहीच नसेल, तरीही बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

या खुणेपासून पहिल्या पाळीपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षं जातात. म्हणजे तुमच्या हाताशी वेळ आहे. मधल्या काळात घामाचा वास बदलतो, काखेत आणि जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते. पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीवर पांढरट डाग दिसू लागतात. ते दिसले की दप्तरात एक छोटी पिशवी हवीच. तिच्यात दोन-तीन लहान पॅड, एक चड्डी, वापरलेलं पॅड गुंडाळायला कागद आणि खराब चड्डीसाठी झिपची पिशवी. पॅड तिला घरी आधीच लावून पाहू द्या. चिकट बाजू चड्डीवर, पंख खालून दुमडायचे. एका पॅडवर थोडं पाणी ओतून दाखवलं की ते किती शोषतं हे कळतं आणि निम्मी भीती जाते.

एक गोष्ट हमखास सांगायची राहते. पहिल्या पाळीत लालभडक रक्त दिसेलच असं नाही, बऱ्याचदा तपकिरी, चिकट डाग असतो. मुलीला वाटतं आपल्याला शी झाली, आणि ती लाजून लपवते. हे आधी सांगितलेलं असलं की ती लगेच येऊन बोलते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. डाग गार पाण्यात धुवायचे, गरम पाण्याने ते पक्के बसतात. पहिली दोन-तीन वर्षं दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन महिन्यांहून मोठा खंड, सात दिवसांवर रक्तस्राव किंवा सलग काही तास तासाला एक पॅड भिजणं, यात डॉक्टर हवेतच.

पारिजात:
तुम्ही बोलावंच. सगळं आईवर सोपवलं की मुलगी एवढंच शिकते की हे बाबाला सांगायचं नसतं. आणि पाळी सुरू होईल तेव्हा घरी फक्त तुम्हीच असलात तर? एकदाच मोठं भाषण नको. दोन-तीन मिनिटांचं बोलणं, तेही चालताना किंवा गाडीत, शेजारी बसून. समोरासमोर बसवलं की मुलं आक्रसतात.

स्पर्शाबद्दल फार कळकळीने सांगते. या वयात बरेच बाबा अवघडून एकाएकी जवळ घेणं थांबवतात. मुलगी त्याचा अर्थ लावते की आपलं शरीर बदललं म्हणून बाबा लांब गेला. थांबवू नका, विचारा. "मिठी हवी?" एवढंच. नाही म्हणाली तर चेहरा पाडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. दारावर टकटक केली की उत्तराची वाट बघा. टकटक करत दार ढकलणं म्हणजे न विचारता आत येणंच.

"आता माझी छोटी राहिली नाहीस" हे पाहुण्यांसमोर म्हणू नका. वजनावर, अंगावर शेरे नकोत. या काळात कंबर आणि मांड्या भरतातच. हुरहुर खरी आहे, ती दाबायची नाही, पण ती दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ बोला. तुम्हाला सावरण्याचं काम तिच्याकडे जाता कामा नये. तिच्यापर्यंत आनंद पोचू द्या, तोही नेमका: "मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा तू स्वतःहून बोलायला गेलीस, ते मला फार आवडलं."

रानवाट:
वरच्या दोघींशी सहमत. फक्त एक भर. शरीर पुढे गेलं म्हणून मन पुढे गेलेलं नसतं. उंच, भरलेल्या मुलीकडून सगळे जास्त समजूतदारपणा मागतात, ती मात्र साडेनऊचीच असते. तिच्या बाहुल्या माळ्यावर टाकू नका, ती स्वतः बाजूला ठेवेल तेव्हा ठेवेल. आणि "मोठी झालीस, आता बाहेर खेळायला नको" हे वाक्य घरात येऊच देऊ नका, नाहीतर मोठं होणं ही तिला शिक्षा वाटेल. एखादं बंधन घालावंच लागलं तर कारण सांगा आणि सोबत एखादा निर्णय तिच्या हाती द्या: केस, कपडे, खोलीची मांडणी. चिडचिड वाढली तर आधी झोप मोजा. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास लागतात.

अर्धविराम:
सगळ्यांचे आभार. मिठीचं वाचून थांबलो, तेच करत होतो. आजपासून विचारेन. पाळी आली की उंची थांबते का?

निशिगंध:
थांबत नाही, वेग मंदावतो. सर्वाधिक वेग पाळीच्या आधी असतो, वर्षाला साधारण ८ सेंटिमीटर. पाळीनंतर बहुतेकींची आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढ होते. पावलं आधी वाढतात, तेव्हा बूट लवकर लहान होतील. या वयात कॅल्शियम दिवसाला १३०० मिलिग्रॅम लागतं, आणि पाळी सुरू झाली की लोहाचीही गरज वाढते. उंची सहा महिन्यांनी मोजा, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून आणि दर वेळी सकाळीच, कारण संध्याकाळी ती किंचित कमी भरते.