मध्ययुगीन कुटुंब : पूर्व-पश्चिम तुलना, मदत हवी आहे (तातडीची)

अबोली२२ : सोमवारी निबंध द्यायचा आहे. जिथे बघावं तिथे तेच, पूर्वेकडे एकत्र कुटुंब, पश्चिमेकडे विभक्त. सरांनी त्यावर लाल रेघ मारून "पुरावा?" लिहिलंय. कुठे मिळेल? लवकर सांगा प्लीज.

दफ्तरी : कुठला देश, कुठलं शतक?

अबोली२२ : युरोप आणि भारत-चीन. शतक कुठलंही चालेल.

दफ्तरी : नाही चालणार, हजार वर्षांचा काळ आहे हा. एक जागा धरा. इटलीतलं फ्लॉरेन्स, १४२७. कर बसवायला सरकारने शहर आणि आसपासच्या मुलखातली साठेक हजार घरं नोंदवली, त्याला कातास्तो म्हणतात. घरात कोण, वय काय, जमीन किती, देणं किती, सगळं आहे. शहरात मुलगी अठराच्या आसपास उजवायचे, नवरा तिशीचा. त्यामुळे तरुण विधवा पुष्कळ. ती माहेरी परतली की हुंडा तिच्याबरोबर जायचा आणि मुलं सासरीच राहायची. त्या पोरांचं काय होत असेल, वाचताना गलबलून येतं.

गोदाकाठ : हुंड्यावरून आठवलं, तिथे १४२५ मध्ये सरकारनेच हुंड्यासाठी ठेव योजना काढली होती. मुलगी लहान असतानाच बाप पैसे गुंतवायचा.

वकीलकाका : युरोपातच अडकलात सगळे. मिताक्षरा बघा, याज्ञवल्क्यस्मृतीवरचं भाष्य, वारसाहक्काचे नियम त्यात आहेत. विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग हा ग्रंथ, तिथे बाप असेपर्यंत मुलाला हक्क नाही. सगळी 'पूर्व' एका मापाने कशी मोजणार?

दफ्तरी : काका, हा कायदा झाला. एका चुलीवर किती माणसं जेवायची ते त्यातून कळत नाही. चीनच्या थांग राजवटीच्या कायदेसंहितेत आईवडील हयात असताना मुलं वेगळी निघाली तर तीन वर्षं सक्तमजुरी होती. म्हणजे निघत असणारच.

वकीलकाका : हा तर्क झाला, पुरावा नाही.

निळावंती : तळटीपा द्यायच्या असतील तर वर्डमध्ये 'रेफरन्सेस'मध्ये जा.

अबोली२२ : तळटीपा येतात मला! फ्लॉरेन्सकडे एकत्र कुटुंबं होती की नव्हती?

दफ्तरी : होती. शहरात कमी, खेड्यात जास्त, त्यातही अर्धेलीने जमीन कसणाऱ्यांत. शेत मोठं म्हणजे हात जास्त हवेत, मग लग्न झालेले भाऊ एकाच छपराखाली. शब्दमर्यादा किती आहे?

अबोली२२ : दीड हजार. मग चीन सोडते, फ्लॉरेन्स आणि मिताक्षरा घेते.

वकीलकाका : दायभागही घ्या, तो सोडू नका.