जोडलेल्या जुळ्यांचा कोड आणि पुस्तक – सल्ला हवा (बजेट १५००)

फाईलवाली_कणकवली: छोट्या हॉस्पिटलात रेकॉर्ड बघते. सिझरने जुळ्या मुली झाल्या, छातीला जोडलेल्या. पुढे मुंबईला पाठवल्या. मुलींच्या कागदावर मी ओ३०.० (जुळ्यांच्या गरोदरपणाचा कोड) टाकलं, तर विमावाल्यांनी क्लेम परत पाठवला. कोड काय? आयसीडी-१० चं, म्हणजे आजारांच्या कोडांचं, पुस्तक कुठलं घेऊ?

चिपळूणकर७१: तिन्ही खंड घ्या. मी घेतलेत, काचेच्या कपाटात ठेवलेत. दीड हजारात काय येतं? तिसरा खंड, म्हणजे अक्षरवार सूची, नसेल तर शोधत बसाल.

माई_दापोली: ताई, ओ ची पानं आईची. बाळाच्या कागदावर ओ कधीच नाही. मुलींना क्यू८९.४, दोघींच्या फायली वेगळ्या, दोन्हींवर तोच. जोडणीमुळे सिझर ठरलं असेल तर आईला ओ३३.७, कळा सुरू होऊन अडली असेल तर ओ६६.३. माझेही दोन क्लेम असेच परत आलेत, तेव्हा शिकले.

बंड्या_मालवण: पुस्तक कित्याक? डब्ल्यूएचओच्या साईटीर फुकट गावता.

चिपळूणकर७१: आणि लाईट गेली की? पावसात टॉवर कुठे असतो?

बंड्या_मालवण: तुमच्या कपाटात बुरशी असतली, ती बघा आधी.

गुहागरी: ‘सयामी जुळे’ लिहू नका, ते चांग आणि एंग या जोडलेल्या भावांवरून आलंय. सयाममध्ये (आताचं थायलंड) १८११ साली जन्मले, १८७४ ला एकाच दिवशी गेले. दोघांची लग्नंसुद्धा झाली होती!

फाईलवाली_कणकवली: दादा, कोडचं बोला.

गुहागरी: सांगतो की. अमेरिकन पुस्तक घेऊ नका. त्यात आईसाठी ओ३०.०२ आणि पुढे एक आकडा असतो, आपल्याकडच्या चार खुणांच्या कोडात तो बसत नाही. आयसीडी-११ आलंय, त्यात एलडी२जी. पण विमावाले दहाच मागतात ना?

क्लेम_रत्नागिरी: कोड बरोबर असला तरी पॉलिसी वाचा. वरून दिसणारं जन्मजात व्यंग ‘बाह्य’ धरतात आणि बऱ्याच पॉलिसी ते वगळतात. आमच्या भाच्याचा क्लेम तिथेच अडकला, कोड अगदी बरोबर होता.

माई_दापोली: मी तेच म्हणतेय, क्यू८९.४.

फाईलवाली_कणकवली: क्यू८९.४ टाकून पाठवलं. आईला ओ३३.७, कळा सुरूच झाल्या नव्हत्या. पुस्तक मात्र घेतलंच, ९०० ला जुना पहिला खंड. साहेबांना टेबलावर पुस्तक दिसल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. सूची नाही त्यात, माहितेय चिपळूणकर. पाठीला ओल आलीय, पंख्याखाली उघडून ठेवलाय.