वॉर्डांच्या सामानासाठी घाऊक पुरवठादार कसा निवडावा? सल्ला हवा

नवा_भांडारी

नमस्कार मंडळी. रुग्णालयाच्या स्टोअरची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. औषधं फार्मसी बघते, माझ्या वाट्याला वॉर्डात रोज लागणारा किरकोळ माल आलाय: ग्लोव्हज, सिरिंज, कॅन्युला (शिरेत बसवायची नळी), आयव्ही सेट (सलाइनची नळी), फोलीज (मूत्राशयात घालायची, फुगा असलेली नळी), युरोबॅग (लघवीची पिशवी), गॉज, कापूस, टेप, मास्क, अंडरपॅड. किरकोळ म्हणायचा खरा, महिन्याचं बिल बघितलं की तसं वाटत नाही.

आजवरची पद्धत अशी की ज्याचा माणूस दारात येईल त्याला ऑर्डर. त्यामुळे कपाटात एकाच मापाच्या कॅन्युला तीन कंपन्यांच्या, आणि मीडियम ग्लोव्हज संपलेले असताना लार्जची खोकी छताला टेकलेली. आता दोन कोटेशनं समोर आहेत. एकाकडे सगळं मिळतं. दुसरा जवळपास प्रत्येक आयटमला स्वस्त आहे, पण निम्म्या ओळींत कंपनीचं नावच नाही.

सगळं एकाकडून घ्यावं की वाटून? थेट कंपनीकडे जाण्यात अर्थ आहे का? कागदपत्रं काय मागायची? आणि हाताशी प्रयोगशाळा नसताना माल बरा की वाईट हे ओळखायचं कसं?

जुना_वितरक

कंपनीचं नाव नसलेलं कोटेशन बाजूलाच ठेवा. 'आयव्ही सेट, स्टँडर्ड क्वालिटी' असं लिहिणारा माणूस पहिल्या खेपेला एक माल देतो आणि तिसऱ्या खेपेला भलताच. तुम्ही हरकत घेतलीत तर म्हणतो, ऑर्डरमध्ये कुठे लिहिलं होतं? आणि त्याचं बरोबरच असतं.

मी या धंद्यात आयुष्य काढलं आहे, म्हणून कागदांबद्दल थोडं लांबण लावतो. पहिला कागद म्हणजे तुमच्या देशाच्या नियामकाचा विक्रीपरवाना, मुदतीतला. दुसरा, कंपनीने त्या वितरकाला दिलेलं अधिकारपत्र. त्यावर तारीख आणि मालाची नावं असायला हवीत. पुष्कळदा पत्र कॅथेटरचं असतं आणि त्याच पत्रावर सिरिंजही विकल्या जातात.

तिसरा आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांचं प्रमाणपत्र. इथे लोक हमखास फसतात. हे प्रमाणपत्र कंपनीच्या गुणवत्ता-व्यवस्थेचं असतं, एखाद्या वस्तूचं नव्हे. त्यात 'व्याप्ती' म्हणून एक परिच्छेद असतो, तो शब्द न् शब्द वाचा. व्याप्ती बँडेजची आणि विकतोय आयव्ही कॅन्युला, तर त्या कागदाचा तुम्हाला काही उपयोग नाही. काही जण स्वतःच्या दुकानाचं आयएसओ ९००१ पुढे करतात. ते व्यवस्थापनाचं सर्वसाधारण प्रमाणपत्र, वैद्यकीय उपकरणांचं नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या संस्थेच्या साइटवर पडताळून बघायला दोन मिनिटं लागतात आणि ती कोणीही काढत नाही.

निर्जंतुक मालासाठी निर्जंतुकीकरण कोणत्या पद्धतीने केलं तेही विचारा. ईओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने केलेल्याला आयएसओ १११३५, किरणोत्साराने केलेल्याला १११३७ लागू होतं. पाकिटावर चौकटीत स्टेराइल हा शब्द आणि शेजारी ईओ किंवा आर ही अक्षरं असतात, बघून घ्या.

थेट कंपनीचं म्हणाल तर मोठ्या कंपन्या तुमच्या आकाराच्या गिऱ्हाइकाला बहुधा वितरकाकडेच पाठवतात. गॉज, कापूस, बँडेज, अंडरपॅड मात्र बनवणाऱ्याकडून घेणं परवडतं. हा माल जागा खातो, भाव वाहतुकीवर ठरतो आणि मधला माणूस फक्त खोकी हलवतो.

रात्रपाळीची_सिस्टर

कागद झाले, आता वॉर्डाचं ऐका.

भाऊ, आधी वॉर्डातून येणारे इंडेंट, म्हणजे मागणीच्या चिठ्ठ्या, सुधारा. 'गुलाबी, दोन बॉक्स' असं इंडेंट आलं तर तुम्ही काय मागवाल? गुलाबी कॅन्युला म्हणजे २० गेज (गेज म्हणजे जाडीचं माप). गुलाबी सुई म्हणजे १८ गेज. हिरवी कॅन्युला १८, हिरवी सुई २१. निळी कॅन्युला २२, निळी सुई २३. पिवळी कॅन्युला २४, पिवळी सुई २०. दोन्हींचे रंग आयएसओनेच ठरवलेले, पण जुळत नाहीत. म्हणून इंडेंटवर गेज आकड्यातच लिहायचा, रंग कंसातसुद्धा नको. फोलीजचं माप फ्रेंचमध्ये. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे १६ फ्रेंचचा बाहेरचा व्यास साधारण ५.३ मिमी. आणि फोलीजच्या सोबत निर्जंतुक पाण्याच्या लहान बाटल्या मागवायला विसरू नका. फुगा सलाइनने भरला तर मीठ साकळून नळी बंद होऊ शकते आणि मग तो काढताना पेशंटचे हाल.

दुसरं, नमुने. विक्रेत्याचा माणूस टेबलावर कॅन्युला दाखवतो तेव्हा सगळ्याच छान दिसतात. नमुने वॉर्डात द्या, नाव झाकून, आणि रात्रपाळीलाही द्या. पाकीट ओल्या ग्लोव्हजने सरळ सोलता येतं का, की कागदाचे तंतू फाटून आत पडतात? सुई मागे ओढताना प्लास्टिकचं टोक चुरगळतं का? टेप घाम आलेल्या हाताला चिकटते का, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी न सोलता निघते का? स्वस्त टेप म्हणजे एकाच्या जागी तीन पट्ट्या. स्वस्त कॅन्युला म्हणजे एकाच्या जागी तीन टोचण्या. कोटेशनमध्ये दर एका नगाचा असतो, खर्च मात्र एका यशस्वी टोचणीचा धरायला हवा.

ग्लोव्हजची मापं प्रत्येक वॉर्डाला वेगळी विचारा. 'मिक्स साइज' कार्टन घेऊ नका, ते विक्रेत्याचा न खपलेला माल खपवण्यासाठी असतं.

थेंबांचा_हिशेब

सिस्टरशी सहमत. मी फार्मसीत आहे, थोडं आकड्यांचं बोलतो.

पुरवठादार शोधण्याआधी गेल्या सहा महिन्यांचा वापर काढा. खरेदी नव्हे, वापर. खर्चाप्रमाणे आयटम उतरत्या क्रमाने लावलेत की वरचे थोडेच आयटम बहुतेक पैसा खाताना दिसतात. ही झाली एबीसी. मग त्याच यादीवर व्हीईडी लावा: जीव वाचवायला अत्यावश्यक, गरजेचं, आणि नसलं तरी चालेल असं. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) पैशाच्या हिशेबात तळाशी असेल, पण तो संपलेला चालत नाही. घासाघीस कुठे करायची ते पहिली यादी सांगते, साठा कुठे जास्त ठेवायचा ते दुसरी.

पुन्हा ऑर्डर कधी टाकायची याचं गणित सोपं आहे. रोज ४० आयव्ही सेट लागतात, माल यायला १० दिवस लागतात आणि ५ दिवसांचा राखीव साठा हवा असेल तर ४०० अधिक २००, म्हणजे शिल्लक ६०० वर आली की ऑर्डर. 'माल यायला लागणारे दिवस' मात्र विक्रेत्याने सांगितलेले धरू नका, जुनी चलनं काढून बघा.

कंपनी बदलताना एक धोका असतो. साध्या सेटचा थेंब २० चा, म्हणजे एक मिलिलिटरला २० थेंब. मायक्रो सेट ६० चा. काही कंपन्यांचा साधा सेट १५ चा असतो. एकाच वॉर्डात १५ आणि २० दोन्ही आले तर थेंब मोजून सोडलेलं सलाइन चुकणारच. म्हणून थेंबांचा आकडा खरेदी-ऑर्डरमध्ये लिहा. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) आणि तिच्यातून अन्न द्यायच्या फीडिंग सिरिंजचंही तसंच. आयएसओ ८०३६९-३ ची जोडणी मुद्दामच अशी केली आहे की ती आयव्हीच्या नळीला बसू नये. चांगली गोष्ट आहे, पण ट्यूब नव्या जोडणीच्या आणि सिरिंज जुन्या असं झालं तर दोन्ही पडून राहतात. बदलायचं तर सगळं एकदम.

आडवा_प्रश्न

सगळं एकाकडून घ्या हा सल्ला कोणी देण्याआधी मी आडवा येतो. २०२० मध्ये जगभर ग्लोव्हज आणि मास्क मिळेनासे झाले तेव्हा एकाच विक्रेत्यावर विसंबलेल्यांची काय गत झाली ते आठवा. अत्यावश्यक आयटमला दोन पुरवठादार हवेतच. मी ७०-३० वाटणी करतो. तीस टक्केवाल्याकडे नियमित ऑर्डर जायला हवी, नाहीतर अडचणीच्या वेळी तो तुम्हाला ओळखतही नाही.

जुना_वितरक

तत्त्व मान्य, पण सरसकट नको. खाटा कमी असतील तर प्रत्येक आयटम दोघांत वाटून कोणाचंच गिऱ्हाईक होत नाही. दर वाढतात आणि गाडीचा फेरा परवडत नाही म्हणून तो माल साठवून आणतो. अत्यावश्यक आयटम दोघांकडे, बाकी सगळं एकाकडे असं करा. आणि दोघांचा माल एकाच कारखान्यातून येत नाही ना, हे लेबलवर बघा. कारखान्याच्या चिन्हाशेजारी बनवणाऱ्याचं नाव असतं. दोन ब्रँड आणि कारखाना एकच, हे सर्रास चालतं.

नवा_भांडारी

खूप उपयोगी पडतंय. ऑनलाइन घाऊक पोर्टलवरून घ्यावं का? आणि ती तपासणीची गोष्ट राहिली.

आडवा_प्रश्न

पोर्टलवरून मी बेडपॅन, किडनी ट्रे, एप्रन, शार्प्स कंटेनर, निर्जंतुक नसलेला माल घेतो. निर्जंतुक काहीही घेत नाही. ते खोकं कुठल्या पत्र्याच्या गोदामात किती उन्हाळे काढून आलंय ते कळायला मार्ग नाही. लॅटेक्सचा माल तर उष्णता आणि उजेड दोन्हींनी खराब होतो.

जुना_वितरक

तपासणीचं सांगतो. ही प्रयोगशाळेची जागा घेणार नाही, पण कचरा माल दारातच पकडते.

ग्लोव्हज: बॅचमधून काही नग काढा, प्रत्येकात एक लिटर पाणी भरून मनगटाशी धरून लटकवा आणि दोन मिनिटं बघा. प्रमाणित चाचणीही पाण्याचीच असते. बोटांच्या बेचक्यात थेंब आला की नग बाद. खोक्यावर एक्यूएल (बॅचमध्ये चालणाऱ्या सदोष नगांची मर्यादा) लिहिलेलं असतं, आकडा जितका लहान तितकी छिद्रांची मर्यादा कडक. युरोपचं ईएन ४५५ तपासणीच्या ग्लोव्हजला १.५ मागतं, अमेरिकेचं एएसटीएम डी६३१९ नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) ग्लोव्हजला २.५ चालवून घेतं. म्हणून 'आंतरराष्ट्रीय दर्जा' या शब्दांवर न जाता आकडा विचारा. पावडरवाले घेऊच नका, अमेरिकेत त्यांच्यावर २०१७ पासून बंदी आहे.

कापूस: चिमूटभर नव्हे, चांगला बोळा करून पाण्यावर अलगद सोडा. शोषक कापूस दहा सेकंदांत बुडायला हवा. तरंगत राहिला तर त्यातली नैसर्गिक चरबी नीट काढलेली नाही. फारच पांढराशुभ्र दिसत असेल तर अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. सगळा बोळा निळा चमकला तर पांढरेपणा रसायनाचा आहे.

सिरिंज: पाणी ओढा, तोंड बोटाने दाबून धरा आणि दट्ट्या रेटा. रबराच्या मागे पाणी आलं तर परत. अंकांवरून स्पिरिटचा बोळा फिरवून बघा, काहींचे आकडे बोळ्यावर उतरतात!

गॉज: किती पदरी ते उलगडून मोजा. बारा पदरी म्हणून आठ पदरी देणं हा जुना खेळ आहे.

रात्रपाळीची_सिस्टर

पाकिटावरचा रंग बदललेला ठिपका बघून बऱ्याच जणी निर्धास्त होतात. तो ठिपका फक्त एवढंच सांगतो की पाकीट त्या प्रक्रियेतून गेलं. आतला माल निर्जंतुक आहे याची ती हमी नाही. शिवण उघडी असेल, पाकीट भिजून वाळलेलं असेल, तर ठिपका कुठल्याही रंगाचा असो, फेका. आणि स्टोअरमध्ये निर्जंतुक पाकिटांना रबरबँड लावून गठ्ठे करू नका, हात जोडते. घडी पडते तिथेच बारीक भोक पडतं.

थेंबांचा_हिशेब

माल उतरवून घेताना बाहेरच्या कार्टनची बॅच आणि आतल्या खोक्याची बॅच जुळवा, मुदतीची तारीख दोन्हीकडे वाचा. न जुळल्यास सही करायची नाही, ड्रायव्हर कितीही घाई करो. बॅच नंबर नोंदवहीत हवाच. कंपनीने एखादी बॅच परत बोलावली तर ती कोणत्या वॉर्डात गेली ते तुम्हाला त्याच दिवशी सांगता यायला हवं. मांडणी आधी संपणारं पुढे, अशी.

नवा_भांडारी

सगळ्यांचे आभार. दोन्ही विक्रेत्यांना आता माझ्या नमुन्यातच दर मागतोय: कंपनी, माप, मानक, थेंब, पाकिटात नग किती, सगळं. कॅन्युला, टेप आणि ग्लोव्हजचे नमुने सिस्टर इन-चार्जकडे दिले आहेत, नावं झाकून.

एक शेवटचं. स्वस्तवाला म्हणतो, वर्षभराचा माल एकदम उचला, आणखी सूट देतो. उचलावा का?

जुना_वितरक

वर्षाचा दर बांधून घ्या, माल एकदम उचलू नका. करारात लिहा: दर बारा महिने स्थिर, डिलिव्हरी दर महिन्याला, प्रत्येक खेपेला मालाच्या वापराच्या एकूण मुदतीपैकी किमान दोन-तृतीयांश शिल्लक हवी आणि मुदत संपण्याच्या तीन महिने आधी न उघडलेली खोकी बदलून मिळतील. त्याला खरंच सूट द्यायची असेल तर एवढ्यावर तो सही करेल. नाही केली तर समजा की त्याचं गोदाम जुन्या मालाने भरलंय आणि तो तुमचं स्टोअर शोधतोय.

रात्रपाळीची_सिस्टर

आणि लार्ज ग्लोव्हजची ती खोकी आधी कोणाला तरी बदलून द्या. आमच्याकडे ऑर्थोवाले घेतात, त्यांच्या स्टोअरला विचारून बघा.