मदत हवी आहे: गेमच्या पुढच्या भागात परत येणाऱ्या प्रेमपात्रांचे काय करावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे मिळून एक संवादप्रधान गेम तयार करतो. त्याचा पहिला भाग पूर्ण झाला असून दुसऱ्या भागाची संहिता लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या भागात खेळणाऱ्याला तीन साथीदारांपैकी एकाशी प्रेमसंबंध जुळवता येतो, कोणाशीही न जुळवता कथा पूर्ण करता येते आणि एखाद्याने मन मोकळे केल्यावर त्याला स्पष्ट नकारही देता येतो. दुसरा भाग चार वर्षांनी सुरू होतो, नायक तोच आहे आणि तिन्ही साथीदार परत येणार आहेत. या पुनर्भेटी कशा लिहाव्यात, याबाबत मला मार्गदर्शन हवे आहे.

पुढच्या भागाच्या लेखकाला नव्या कथेसाठी ताण हवा असतो आणि सुखाने नांदणारे जोडपे त्याला अडचणीचे वाटते. त्यामुळे एकतर मधल्या काळात दोघांची ताटातूट झाली असे सांगून तो मोकळा होतो, नाहीतर त्या प्रेमाचा विषयच टाळतो. 'द विचर'च्या पहिल्या भागात (२००७) ट्रिस आणि शानी यांच्यात निवड करावी लागते. परंतु तुम्ही शानीला निवडले असले, तरी दुसऱ्या भागाच्या (२०११) सुरुवातीला नायक गेराल्ट ट्रिससोबतच असतो. 'पर्सोना ५ स्ट्रायकर्स'मध्येही मूळ गेममधल्या प्रेमाची दखल घेतली जात नाही. ताटातुटीचे अलीकडचे उदाहरण म्हणजे 'लाइफ इज स्ट्रेंज: डबल एक्स्पोजर' (२०२४). मालिकेच्या पहिल्या गेममध्ये क्लोईला वाचवण्यासाठी ज्यांनी अख्खे गाव वादळाच्या तोंडी दिले, त्यांना या भागात कळते की नायिका मॅक्स आणि क्लोई वेगळ्या झाल्या आहेत. असे वेगळे होणे आयुष्यात घडतेच, हे मला मान्य आहे. परंतु ते पडद्याआड घडले आणि खेळणाऱ्याच्या हाती फक्त निकाल आला, म्हणून ते जिव्हारी लागते. 'मास इफेक्ट ३'मध्ये (२०१२) जेकब या साथीदाराचेही तसेच होते. आदल्या भागात त्याच्यावर प्रेम करणाऱ्या शेपर्डला (हा नायक पुरुष किंवा स्त्री असू शकतो) तो भेटतो तेव्हा त्याचे दुसऱ्या स्त्रीशी नाते जुळलेले असते आणि तिला दिवस गेलेले असतात.

याच मालिकेच्या दुसऱ्या भागात (२०१०) मात्र दुरावा फार समजून लिहिला आहे, असे माझे मत आहे. शेपर्ड दोन वर्षांपूर्वी मेला असेच सगळे धरून चाललेले असतात. होरायझन या ग्रहावर पहिल्या भागातल्या प्रेमपात्रांपैकी अ‍ॅश्ली किंवा कायडन भेटतात, मिठी मारतात आणि शेपर्ड सर्बेरस या बदनाम संघटनेसाठी काम करतो हे कळल्यावर संतापून निघून जातात. अनेकांना हा प्रसंग आवडत नाही. मला तो पटतो, कारण तो राग त्या पात्राच्या सैनिकी निष्ठेतून आणि दोन वर्षे केलेल्या शोकातून आलेला आहे. लेखकाला नव्या प्रेमपात्रांसाठी जागा रिकामी करायची होती, एवढेच त्यामागचे कारण वाटत नाही. नंतर त्या व्यक्तीचे पत्रही येते. शेपर्डच्या खोलीत तिचा फोटो असतो आणि खेळणाऱ्याने या भागात दुसरे कोणतेही नाते जोडले नाही, तर शेवटच्या मोहिमेआधी शेपर्ड तो फोटो निरखतो. त्या दृश्यात एकही संवाद नाही. आमच्यासारख्या लहान गटासाठी ही मोलाची गोष्ट आहे, कारण आठवण जपल्याची खूण एवढ्या कमी साधनांतही उमटवता येते.

'द विचर ३'ने (२०१५) वेगळा विचार केला आहे. गेराल्ट आणि त्याची जुनी प्रेयसी येनेफर यांना जिनच्या जादूने बांधलेले असते. ती जादू उतरवल्यानंतर प्रेम उरले आहे का, याचे उत्तर खेळणाऱ्याने द्यायचे असते. जुने नाते गृहीत न धरता ते पुन्हा निवडायला लावणे ही कल्पना मला आमच्या कथेसाठी सर्वांत जवळची वाटते, फक्त जादूशिवाय ती कशी साधावी हे सुचत नाही.

आमची तांत्रिक अडचणही आहे. दुसऱ्या भागाला पहिल्या भागाची सेव्ह फाईल (खेळाची साठवलेली नोंद) वाचता येणार नाही, म्हणून आधी काय घडले हे खेळणाऱ्यालाच विचारावे लागेल. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २'मध्ये (२००४) हे काम साथीदार अ‍ॅटनशी होणाऱ्या सुरुवातीच्या गप्पांतून होते: आधीच्या भागाचा नायक रेव्हन पुरुष होता की स्त्री, उजेडाच्या बाजूचा की अंधाराच्या, हे तिथेच ठरते. तिथे मात्र चर्चा तिसऱ्याच व्यक्तीबद्दल असते. आमच्याकडे नायकाला स्वतःच्या प्रेमाबद्दल बोलायचे आहे आणि हा प्रश्न कोणी विचारावा, हे मला ठरवता येत नाही. अनोळखी माणसाने विचारला तर ती चौकशी वाटते आणि त्या तिघांपैकी कोणी विचारला तर विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असायलाच हवे.

सर्वांत अवघड भाग नाकारलेल्या व्यक्तीचा आहे. ज्याच्यावर प्रेम केले त्याच्यासाठी लेखक काही ना काही लिहितोच. ज्याला नकार दिला तो मात्र पुढच्या भागात बहुधा निव्वळ मित्र म्हणून वावरतो, जणू काही घडलेच नव्हते. मला असा साथीदार लिहायचा आहे ज्याला तो नकार आठवतो, जो त्यावरून कटू झालेला नाही आणि ज्याचे आयुष्य नायकाभोवती थांबूनही राहिलेले नाही. कच्च्या मसुद्यात तो पहिल्याच भेटीत नायकाला सांगतो, "तेव्हा तू खरे बोललास, ते बरे केलेस." हे वाक्य मला जरा लवकर आल्यासारखे वाटते. ते तिसऱ्या-चौथ्या प्रसंगापर्यंत राखून ठेवले, तर तोवर खेळणाऱ्याला गेम ते विसरला असे वाटेल का?

तुम्ही खेळलेल्या एखाद्या गेममध्ये अशी व्यक्ती चांगली उतरली असेल तर गेमचे नाव आणि शक्य झाल्यास तो प्रसंग थोडक्यात सांगावा. प्रेमपात्राशी ताटातूट झालेली असूनही तुम्हाला ती न्याय्य वाटली असेल, तर ती खेळताना तुमच्या हातात नेमकी कोणती निवड होती, हेही कळवावे.